मुद्दा बाजूला, बाई पिंजऱ्यात

डिसेंबर १८३६. मॉस्कोतले काही सरकारी अधिकारी एका बाईची तपासणी करायला बसले आहेत. बाईचे नाव एकातेरिना पानोव्हा. नुकतीच तिशी ओलांडलेली, चांगल्या घरातली, वाचणारी. तिने कसलाही गुन्हा केलेला नाही. नवऱ्याने अर्ज केला आहे की बायकोचे डोके ठिकाणावर नाही, तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे. अधिकारी विचारतात, राज्याचे आणि धर्माचे कायदे तू मानतेस का? बाई शांतपणे सांगते की राज्याच्या कायद्यांपुरते बोलायचे तर मी प्रजासत्ताकवादी आहे. आणि धर्माचे म्हणाल, तर पोलंडशी लढाई चालू होती तेव्हा मी देवाजवळ पोलिश लोकांसाठी यश मागितले होते, कारण ते स्वातंत्र्यासाठी लढत होते.

हे उत्तर पुन्हा एकदा वाचावे. त्यात वेडेपणा कुठे आहे? विचारलेले तिला समजले होते, तिने सुसंगत उत्तर दिले होते आणि ते तिच्या मनातले खरे उत्तर होते. तरीही ती वेडी ठरली आणि तिची रवानगी इस्पितळात झाली.

ही तपासणी नेमकी त्याच महिन्यात का झाली, हे कळायला दोन-तीन महिने मागे जावे लागते. त्या शरद ऋतूत मॉस्कोच्या ‘टेलिस्कोप’ नियतकालिकाच्या १५ व्या अंकात एक लांबलचक पत्र छापून आले होते. लेखकाचे नाव नव्हते. पत्र जिला लिहिले तिच्या नावाच्या जागी नुसत्या तीन चांदण्या होत्या. लेखक होता विचारवंत प्योत्र चादायेव्ह, आणि चांदण्यांच्या आड होती पानोव्हा. धर्माविषयी मनात उठलेले काहूर तिने काही वर्षांपूर्वी चादायेव्हला लिहून कळवले होते. त्याला उत्तर म्हणून त्याने १८२९ मध्ये फ्रेंचमध्ये हे पत्र लिहायला घेतले. रशियाने आपला धर्म बायझंटियमकडून घेतला, त्यामुळे पश्चिमेच्या ख्रिस्ती जगापासून हा देश तुटला आणि इतिहासाच्या वाटेवर मागे पडला, असे त्याचे म्हणणे होते. कॅथलिक परंपरेविषयी त्याने आदराने लिहिले होते. झार पहिला निकोलस भडकला. नियतकालिक बंद झाले. संपादक निकोलाय नादेझ्दिन याला दूर उत्तरेत उस्त-सिसोल्स्कला हद्दपार केले. लेख पास करणारा सेन्सॉर विद्यापीठाचा कुलगुरू होता, त्याचीही नोकरी गेली. चादायेव्हला सरकारी हुकमाने वेडा ठरवून त्याच्या घरी डॉक्टर आणि पोलीस पाठवायला सुरुवात झाली.

पुरुषाचे वेडेपण घरच्या घरी भोगायचे होते आणि पुढच्याच वर्षी ते मागेही घेतले गेले. पानोव्हाच्या वाट्याला इस्पितळाचे दार आले. आणि तिला तिथे ठेवल्याचे कळताच चादायेव्हने काय केले? मॉस्कोच्या पोलीसप्रमुखाला पत्र लिहून या बाईशी आपला आता संबंध राहिलेला नाही असा खुलासा केला. आपल्या विचारांपायी ती बिघडली असे सरकारने समजू नये, ही त्याची काळजी होती. ज्या बाईच्या प्रश्नातून रशियाच्या वैचारिक इतिहासातले एक गाजलेले पत्र जन्माला आले, तिच्या बाजूने एक वाक्य लिहायला तो पुढे आला नाही.

मी ही गोष्ट इतक्या तपशिलाने सांगतो आहे, कारण रशियन नियतकालिकांच्या सुरुवातीच्या शतकात धर्मावरचा वाद आणि बाई जिथे जिथे एकत्र आल्या, तिथे थोड्याफार फरकाने हेच घडलेले दिसते. वाद सुरू होतो तो श्रद्धेविषयी, पंथाविषयी, ग्रंथाविषयी. पण त्यात बाईने तोंड उघडले की मुद्दा बाजूला पडतो आणि बाईच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. ती काय म्हणाली हे कुणी पाहत नाही. ती कोण, तिचा नवरा कोण, तिचे शिक्षण किती, तिचे डोके ठिकाणावर आहे का, याची चौकशी सुरू होते. माझे म्हणणे असे की ही चौकशी म्हणजे धर्माचा घोर अपमान आहे. ज्याला आपल्या श्रद्धेविषयी खात्री असते तो प्रश्नाला उत्तर देतो. ज्याला नसते तो विचारणारीच्या अंगावर जातो.

आता थोडी पार्श्वभूमी. झारच्या रशियात ऑर्थोडॉक्स चर्च ही राज्याचीच एक शाखा होती. ऑर्थोडॉक्स पंथ सोडणे हा कायद्याने गुन्हा होता, आणि तो १९०५ पर्यंत तसाच राहिला. लेखनाला दोन चाळण्या होत्या. साधा मजकूर सरकारी सेन्सॉरकडे जाई, तर धर्मविषयक मजकुरासाठी १८२८ च्या नियमांप्रमाणे पाद्र्यांची वेगळी सेन्सॉर मंडळे होती. अशा देशात धर्मावर चार ओळी छापणे हे पुरुषालाही सोपे नव्हते. बाईला मात्र या दोन चाळण्यांतून पार पडल्यावर तिसरीतूनही जावे लागे, आणि ती तिसरी चाळणी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती. ती संपादकांच्या, वाचकांच्या आणि नातेवाइकांच्या हातात होती.

रशियात बायकांनी पत्रकारिता उशिरा सुरू केली असे मात्र कुणी समजू नये. १७६९ मध्ये निघालेल्या ‘व्स्याकाया व्स्याचिना’ या साप्ताहिकामागे खुद्द सम्राज्ञी दुसरी कॅथरीन होती. १७८३ मध्ये विज्ञान अकादमीच्या प्रमुखपदी आलेल्या एकातेरिना दाश्कोव्हाने त्याच वर्षी ‘सोबेसेद्निक’ हे मासिक सुरू केले. सम्राज्ञी त्यात लिहीत असे आणि नाटककार फोनव्हिझिनने तिला विचारलेले टोचणारे प्रश्नही त्यातच तिच्या उत्तरांसह छापले गेले. त्या काळात एवढ्या मोठ्या विद्यासंस्थेची सूत्रे बाईच्या हाती असणे ही युरोपातही नवलाची गोष्ट होती.

पण सत्तेवर बाई बसली म्हणजे न्याय आपोआप होतो, हा भाबडा समज याच कॅथरीनने खोटा ठरवला. निकोलाय नोव्हिकोव्ह हा त्या काळचा मोठा प्रकाशक. मॉस्को विद्यापीठाचा छापखाना त्याने १७७९ मध्ये दहा वर्षांसाठी चालवायला घेतला होता. तो फ्रीमेसन होता आणि गूढवादी धार्मिक पुस्तके छापत असे. कॅथरीनला त्याचा संशय आला. १७८५ मध्ये तिने मॉस्कोचा आर्चबिशप प्लातोन याला हुकूम केला की, या माणसाची श्रद्धा तपासा आणि त्याची पुस्तकेही तपासा.

प्लातोनने जे केले ते आजच्या प्रत्येक धर्मरक्षकाने शिकण्यासारखे आहे. त्याने नोव्हिकोव्हशी प्रत्यक्ष बोलून त्याची श्रद्धा जाणून घेतली आणि पुस्तके वाचून त्यांचे तीन भाग केले. काही पुस्तके उपयोगाची आहेत, ती आणखी निघावीत, असे त्याने कळवले. काही गूढ पुस्तके मला समजत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी मी मत देऊ शकत नाही, असेही लिहिले. तिसरा भाग त्याने घातक ठरवला, आणि त्यात फ्रेंच ज्ञानकोशकारांचे लेखन होते. नोव्हिकोव्हविषयी मात्र त्याची साक्ष अशी होती की, असे ख्रिस्ती आपल्या कळपातच काय, साऱ्या जगात असोत अशी देवाजवळ माझी प्रार्थना आहे.

‘मला समजत नाही, म्हणून मी मत देत नाही.’ एका धर्माधिकाऱ्याने, सम्राज्ञीच्या हुकमाला उत्तर देताना, हे कबूल करावे! फ्रेंच लेखकांविषयीचे त्याचे मत आपल्याला पटणार नाही, मलाही पटत नाही. पण त्याने वाचले, वर्गवारी केली, आपल्या समजेची हद्द सांगितली आणि माणसाच्या चारित्र्याविषयी जे खरे वाटले ते भीती न बाळगता लिहिले. श्रद्धेचे रक्षण असे करायचे असते. कॅथरीनला ही साक्ष मानवली नाही. १७९२ मध्ये नोव्हिकोव्हला पकडून, खटला न चालवता, पंधरा वर्षांसाठी श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यात डांबले गेले. तिच्या मृत्यूनंतर १७९६ मध्ये तो सुटला. सांगायचे ते हे की मुद्दा सोडून माणसाला पिंजऱ्यात उभे करण्याची खोड पुरुषांचीच मिरास नाही. ती सत्तेची खोड आहे. बायकांना तिचा जाच अधिक होतो, कारण सत्ता त्यांच्या हाती क्वचितच असते.

आता पुन्हा ‘टेलिस्कोप’कडे येऊ. त्याचा संपादक नादेझ्दिन हा पाद्र्याच्या घरातला मुलगा. धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊन तो प्राध्यापक झाला होता. सुखोव्हो-कोबिलिन नावाच्या खानदानी कुटुंबात तो मुलांना शिकवायला जात असे. त्या घरची मुलगी येलिझाव्हेता आणि तो एकमेकांच्या प्रेमात पडले. घरच्यांनी नाव ऐकताच कानांवर हात ठेवले, कारण पाद्र्याचा मुलगा सरदारघराण्याचा जावई होणार कसा? मुलीला परदेशी नेण्यात आले आणि एका फ्रेंच काउंटशी तिचे लग्न झाले. ते लग्न सुखाचे झाले नाही. पुढे तिन्ही मुलांना तिनेच वाढवले आणि हातात लेखणी घेतली. १८४९ मध्ये तिची पहिली कथा छापून आली ती ‘एव्हगेनिया तूर’ या टोपणनावाने.

कथेमागून कादंबरी आली, नाव झाले. १८५२ मध्ये कादंबरीकार तुर्गेनेव्हने तिच्या ‘भाची’ या कादंबरीवर सविस्तर परीक्षण लिहिले. तुर्गेनेव्ह काही बायकांचा वैरी नव्हता. तरी एका पुस्तकाविषयी बोलता बोलता त्याने साऱ्या बायकांच्या प्रतिभेचा निवाडा करून टाकला. ती घडवलेली, विचारपूर्वक बांधलेली नसते, सरळ हृदयातून धावत बाहेर येते, असे त्याचे मत. एका पुरुषाची कादंबरी फसली तर ती त्या पुरुषाची फसली. एका बाईची फसली तर ती साऱ्या बाईजातीची फसली! ही मोजपट्टी तेव्हा इतकी अंगवळणी पडली होती की चांगल्या माणसांनाही ती हातात असल्याचे जाणवत नव्हते.

१८६० च्या वसंतात तूरने ‘रूस्की व्हेस्तनिक’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. विषय होता सोफिया स्वेचिना. ही बाई १७८२ ची. वडील दुसऱ्या कॅथरीनचे सचिव, नवरा सेनापती. पीटर्सबर्गमध्ये सार्डिनियाचा वकील म्हणून आलेल्या जोसेफ द मेस्त्र या कट्टर कॅथलिक विचारवंताच्या सहवासात तिने धर्मग्रंथांचा अभ्यास केला आणि १८१५ मध्ये ती कॅथलिक झाली. त्यानंतर ती पॅरिसला गेली ती तिथलीच झाली. तिच्या दिवाणखान्यात लाकोर्देर, मोंतालांबेर यांच्यासारखे फ्रान्समधले नामवंत कॅथलिक जमत. १८५७ मध्ये ती वारली, आणि काउंट फालूने तिचे चरित्र व लेखन दोन खंडांत छापले. ते वाचून तूरने लेख लिहिला होता. तिला स्वेचिना आवडली नव्हती. तिच्या उच्चकुलीन दिवाणखानी भक्तीवर आणि धर्मांतरावर तूरने कडक टीका केली.

नियतकालिकाचा संपादक मिखाईल कात्कोव्ह. पुढे तो प्रतिगामी रशियाचा आधारस्तंभ झाला, पण तेव्हा त्याची गणना उदारमतवाद्यांत होत असे. लेखिकेच्या मतांशी आपण सहमत नाही असे त्याने जाहीर केले. इथवर काही बिघडले नव्हते, कारण मतभेद नोंदवण्याचा संपादकाला हक्कच आहे. तूरने आपली बाजू मांडणारे पत्र पाठवले. ते छापले गेले, पण त्याला जोडून कात्कोव्हचे असे खोचक, पाणउतारा करणारे उत्तर आले की मॉस्को-पीटर्सबर्गच्या लिहित्या मंडळींत खळबळ उडाली. समीक्षक चेर्निशेव्स्कीने ‘सोव्रेमेन्निक’ मासिकात या प्रकरणावर स्वतंत्र लेखच लिहिला. आता स्वेचिना कुणाला आठवत नव्हती. तिने पंथ का बदलला, देश सोडून मिळवलेली श्रद्धा आणि देशात राहून करायचे काम यांचा मेळ कसा घालायचा, हे तूरने पुढे आणलेले प्रश्न हवेत विरले. वाद उरला तो संपादकाचा अधिकार किती आणि या लेखिकेची पात्रता किती, एवढाच.

इथे मला तूरची एक बाजू झाकून ठेवायची नाही. तिची टीका कठोर होती. ज्या राज्यात पंथ बदलणे हा गुन्हा होता, तिथे पंथ बदललेल्या, नुकत्याच वारलेल्या बाईवर टीका करताना तिच्या श्रद्धास्वातंत्र्याची बाजूही भक्कमपणे मांडायला हवी होती, असे मला वाटते. स्वेचिनाचा निर्णय चुकीचा असेल, पण तो घेण्याचा तिचा अधिकार चुकीचा नव्हता. म्हणजे कात्कोव्हला तूरशी भांडायला जागा होती, आणि चांगली जागा होती. तिच्या युक्तिवादातले दुबळे दुवे दाखवता आले असते. तसे झाले असते तर रशियन वाचकांना श्रद्धेच्या स्वातंत्र्यावरची एक मोलाची चर्चा वाचायला मिळाली असती. पण लेखिकेला तिची पायरी दाखवण्याच्या नादात ती संधी वाया गेली. पाणउताऱ्याने सर्वांत मोठे नुकसान होते ते हेच. जिचा अपमान होतो ती तर दुखावतेच, पण वाचणारा समाजही एका विचाराला मुकतो.

तूर रडत बसली नाही. तिने कात्कोव्हचे नियतकालिक सोडले आणि जानेवारी १८६१ पासून स्वतःचे ‘रूस्काया रेच’ हे नियतकालिक काढले. आठवड्यातून दोनदा निघणारे, साहित्य, इतिहास, कला आणि समाजजीवन यांचे. भूदासांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघाला ते हेच वर्ष. पुढे मोठा कथाकार झालेला लेस्कोव्ह तेव्हा तिच्या पत्रात लिहीत होता. स्लेप्त्सोव्हची गाजलेली प्रवासवर्णने तिथेच आली. पत्र साधारण वर्षभर टिकले. विद्यार्थ्यांच्या चळवळीनंतर तिच्या घरावर पोलिसांची पाळत बसली आणि ती फ्रान्सला निघून गेली. पत्राच्या कामात तिचा उजवा हात असलेला फेओक्तिस्तोव्ह पुढे १८८३ मध्ये साम्राज्याच्या सेन्सॉर खात्याचा प्रमुख झाला! आणि तूरने १८६६ मध्ये मुलांसाठी लिहिलेले पुस्तक कोणते? रोमच्या भुयारांत लपून प्रार्थना करणाऱ्या, श्रद्धेपायी छळ सोसणाऱ्या पहिल्या ख्रिस्ती माणसांची गोष्ट. श्रद्धा तिला परकी नव्हती. श्रद्धेच्या नावाने मिरवणे तिला पटत नव्हते. हा फरक तिच्या टीकाकारांनी समजून घेतला असता, तर भांडणाचे संभाषण होऊ शकले असते.

सुधारकांच्या घरातही हा रोग होता, हे तूरच्या पाणउताऱ्याच्या पुढच्याच वर्षी दिसले. पेर्म या दूरच्या शहरात, सार्वजनिक साहित्यसंध्येत, तोल्माचोव्हा नावाच्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीने पुश्किनच्या ‘इजिप्तच्या रात्री’मधला क्लिओपात्राचा भाग वाचून दाखवला. पीटर्सबर्गच्या ‘व्हेक’ या साप्ताहिकात एका टोपणनावाच्या लेखकाने तिची, तिच्या डोळ्यांची, हावभावांची टवाळी केली. ‘व्हेक’ जुनाट मंडळींचे पत्र नव्हते, ते चालवणारे स्वतःला सुधारणावादी म्हणवत. पुश्किन पुरुषाने वाचला तर वाङ्मय, बाईने वाचला तर बेशरमपणा! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय तो हाच. मिखाईल मिखाईलोव्ह या लेखकाने वृत्तपत्रातून त्या लेखाचा जाहीर निषेध केला, दोस्तोयेव्स्कीनेही आपल्या मासिकातून तोल्माचोव्हाची बाजू घेतली, आणि त्या गदारोळात टवाळी करणाऱ्यांना माघार घ्यावी लागली. म्हणजे बोलणारे बोलले तर फरक पडतो. चादायेव्ह गप्प राहिला, मिखाईलोव्ह गप्प राहिला नाही. पानोव्हा आणि तोल्माचोव्हा या दोघींच्या नशिबातला फरक काही अंशी तरी इथे आहे.

या कहाणीचा एक धागा थेट आपल्या गिरगावात येऊन पोचतो. ज्या कात्कोव्हने तूरचा पाणउतारा केला, त्याच्याच ‘मॉस्कोव्हस्किये व्हेदोमोस्ती’ या वृत्तपत्रात १८७९ पासून ‘राद्दा-बाई’ या नावाने हिंदुस्थानातली पत्रे येऊ लागली. लिहिणारी होती येलेना ब्लाव्हात्स्की, थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. फेब्रुवारी १८७९ मध्ये ती मुंबईत उतरली, गिरगावात राहिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इथूनच तिने ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक सुरू केले. कार्ल्याची लेणी तिच्यामुळे रशियन वाचकांच्या घरात पोचली. तिची आई येलेना गान हीदेखील लेखिका होती आणि लिहिणाऱ्या बाईकडे समाज कशा नजरेने पाहतो, हाच तिच्या कथांचा विषय होता. आई अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. मुलीने जगभर वाद अंगावर घेतले.

ब्लाव्हात्स्कीचे प्रकरण मी मुद्दाम आणले आहे. कारण इथे टीका करायला खरी कारणे होती. अदृश्य गुरूंची पत्रे येतात, चमत्कार घडतात, असे दावे तिच्याभोवती होते. लंडनच्या मानसिक संशोधन मंडळाने १८८५ मध्ये ते तपासले आणि फसवणुकीचा ठपका ठेवला. दावा तपासणे हे धर्मचिकित्सेचे कामच आहे, आणि दावा करणारी बाई आहे म्हणून तपासणीत सूट देणे हाही एक प्रकारचा अपमानच. पण तिच्या मृत्यूनंतर, १८९२ मध्ये, कादंबरीकार व्हसेव्होलोद सोलोव्ह्योव्हने ‘रूस्की व्हेस्तनिक’मध्ये जी लेखमाला लिहिली तिच्यात तपासणीच्या जोडीला घरगुती आठवणींचा आणि तिच्या खासगी आयुष्याचा पाट वाहू लागला. तेव्हा तिची बहीण व्हेरा झेलिखोव्हस्काया, जी स्वतः नावाजलेली लेखिका होती, उभी राहिली आणि तिने पुस्तिका लिहून उत्तर दिले. बहिणीची मते खरी होती की खोटी, हा वेगळा प्रश्न. मेलेल्या बाईला उत्तर देता येत नाही, म्हणून जिवंत बाईने ते दिले.

मराठी वाचकाला हे वाचताना पंडिता रमाबाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत. ब्लाव्हात्स्की हिंदुस्थानात होती त्याच काळात, १८८३ मध्ये, रमाबाईंनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि आपल्याकडच्या वृत्तपत्रांतून त्यांच्या निर्णयापेक्षा त्यांच्याच बुद्धीची आणि कृतज्ञतेची झडती घेतली गेली. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. म्हणजे मॉस्को आणि पुणे यांत हजारो कोसांचे अंतर असले तरी पिंजऱ्याची लाकडे एकाच जंगलातली होती.

कुणी म्हणेल, मग व्यक्तीवर टीका करायचीच नाही का? करायची. नोव्हिकोव्हने १७६९ मध्येच कॅथरीनच्या साप्ताहिकाशी यावरच वाद घातला होता. दोषांवर मोघम आणि सौम्य बोलावे, व्यक्तींवर बोलू नये, असे तिचे म्हणणे होते. लाच खाणे ही केवळ मानवी दुर्बलता म्हणून सोडून देता येणार नाही, असे त्याचे. मी नोव्हिकोव्हच्या बाजूचा आहे. माणसाने जे केले त्याचा जाब त्याला नाव घेऊन विचारावा. पण बाई म्हणून जन्माला येणे हे कृत्य नव्हे. त्याचा जाब कसा विचारणार?

आणखी कुणी म्हणेल, श्रद्धा नाजूक असते, तिच्यावरच्या वादात बायकांनी पडू नये, उगाच पोळून निघतात. हे कळवळ्याच्या आवाजात बोलले जाते म्हणून अधिक फसवे आहे. व्रते कुणी करायची? उपास कुणी धरायचे? मुलांना पहिली प्रार्थना कुणी शिकवायची? जगातला कुठलाही धर्म घ्या, त्याचा रोजचा भार बायकांच्या खांद्यावर आहे. ज्यांच्या कष्टांवर धर्म उभा आहे त्यांनी त्याविषयी बोलायचे नाही, हे म्हणजे शेत कसणाऱ्याने पिकाविषयी बोलू नये असे म्हणण्यासारखे आहे.

वाचकहो, आपण सगळे संपादक नाही, सगळे लेखकही नाही. पण वाचक आहोत, आणि वाद कोणत्या वळणावर न्यायचा हे वाचकही ठरवत असतो. पुढच्या वेळी एखाद्या बाईचा धर्मावरचा लेख वाचून राग आला तर पहिले उत्तर ओठांवर येईल ते तिच्याविषयी असेल. ते गिळावे. तिचे म्हणणे आधी तिला पटेल अशा शब्दांत आपल्याशीच मांडून पाहावे. न समजलेले असेल तर प्लातोनसारखे सरळ म्हणावे की मला समजले नाही. मग जिथे ती चुकली तिथे तिला खोडून काढावे, पुरुषाला काढतो तितक्याच जोराने. आणि दुसरा कुणी तिच्या अंगावर धावून गेला तर, तिची मते आपल्याला पटोत न पटोत, तिच्या बाजूला उभे राहावे.

त्या डिसेंबरात मॉस्कोच्या अधिकाऱ्यांपुढे एक प्रश्न आपल्या पायांनी चालत आला होता. आपल्या राज्याशी लढणाऱ्या माणसांसाठी देवाजवळ प्रार्थना करणे धर्माला धरून आहे का? शत्रूवर प्रेम करा असे सांगणाऱ्या धर्मात यापेक्षा गंभीर प्रश्न क्वचितच निघाला असेल. तिथे बसलेला प्रत्येक जण त्याच धर्माचा होता. एकानेही तो प्रश्न हातात घेतला नाही. त्यांनी बाईच्या नावापुढे ‘वेडी’ असे लिहिले आणि फाईल बंद केली.